सेकिरो: आठ महिने खेळल्यानंतर

‘सेकिरो: शॅडोज डाय ट्वाइस’ हा तलवारबाजीचा अ‍ॅक्शन गेम मार्च २०१९ मध्ये आला आणि त्याच वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. मी तो बराच उशिरा हाती घेतला आणि गेले आठ महिने नेमाने खेळते आहे. पहिल्यांदा पूर्ण करायलाच तीन महिने लागले. अ‍ॅक्शन गेम किती अवघड आहे यापेक्षा, हरल्यावर आपले नेमके काय चुकले हे तो खेळणाऱ्याला कळू देतो का, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. या कसोटीला सेकिरो बहुतेक वेळा उतरतो, आणि जिथे उतरत नाही तिथे म्हणूनच अधिक चीड येते.

या गेमची सगळी ताकद पोश्चरच्या, म्हणजे लढणाऱ्याच्या तोलाच्या, कल्पनेत आहे. शत्रूची हेल्थ संपवत बसण्याऐवजी त्याचा तोल मोडायचा. त्याचा वार आपल्यावर येऊन आदळण्याच्या क्षणी गार्डचे (वार अडवण्याचे) बटण दाबले की तलवारींवर ठिणगी उडते, खणकन आवाज होतो आणि त्याची पोश्चरची पट्टी भरत जाते. पट्टी पूर्ण भरली की एकाच घावात निकाल लागतो. मात्र हेल्थ शाबूत असलेल्या शत्रूचा तोल झपाट्याने सावरतो, जखमी शत्रूचा हळूहळू, त्यामुळे नुसते अडवत राहूनही भागत नाही आणि नुसते वार करत सुटूनही नाही. घाबरून बटण धडाधड दाबले तर अचूक अडवण्याची वेळ आखडत जाते, हे मला फार उशिरा उमगले. तोवर मी कंट्रोलरला दोष देत होते.

आशिना किल्ल्याच्या माथ्यावरची गेनिचिरो या बॉसशी, म्हणजे मोठ्या शत्रूशी, होणारी लढत मी पंचवीस-तीस वेळा तरी हरले असेन. तो उंच उडी मारून खाली येतो आणि पडद्यावर धोक्याचे लाल जपानी अक्षर उमटते. ते अक्षर एकच, पण त्यानंतरचा वार दोन प्रकारचा असू शकतो: समोरून तलवार खुपसणारा किंवा पायांवर फिरणारा. पहिल्याला पुढे सरसावून त्याचे पाते पायाखाली दाबायचे, दुसऱ्यावरून उडी मारायची. मी कित्येक दिवस अक्षराकडे बघत राहिले आणि मरत राहिले. एका रात्री त्याच्या हातांकडे लक्ष गेले आणि तलवार मागे ओढली जाते की बाजूला वळते हे स्वच्छ दिसले. ही खूण पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर होती. अशी लढत जिंकल्यावर आपण खरोखर काहीतरी शिकलो आहोत हे मनाला पटते, आणि शस्त्रांची पातळी वाढवत नेणाऱ्या कित्येक गेममध्ये ते समाधान मला मिळालेले नाही.

हेच समाधान कॅमेरा हिरावून घेतो. पाठ भिंतीला टेकली की तो खेळणाऱ्याच्या अंगावर चढतो, लॉक-ऑन (नजर एका शत्रूवर खिळवून ठेवण्याची सोय) सुटतो आणि वार कुठून आला ते दिसतच नाही. बंदिस्त खोल्यांत मोठ्या देहाचा शत्रू असेल तर हा त्रास असह्य होतो. ज्या गेममध्ये शत्रूच्या हाताची हालचाल वाचण्यावर सगळे अवलंबून आहे, त्याने ती हालचालच झाकावी, हा मला यातला सर्वांत मोठा दोष वाटतो. नायकाच्या कृत्रिम हातातली अवजारे वापरायला लागणारी स्पिरिट एम्ब्लेम्स वारंवार हरल्यावर संपतात आणि ती जमवण्यासाठी सोप्या शत्रूंना मारत हिंडावे लागते. त्यात कौशल्य काहीच नाही, वेळ मात्र जातो. मेल्यावर सहसा अर्धे पैसे आणि पुढच्या कौशल्यासाठी जमलेला अर्धा अनुभव जातो, ही शिक्षाही नव्या खेळाडूला प्रयोग करण्यापासून परावृत्त करते.

काठिण्यपातळी निवडण्याची सोय यात नाही. लढतींची लय एकाच वेगावर बांधलेली आहे, हे कारण मला समजते, तरी पूर्णपणे पटत नाही. ‘हेडीस’ या दुसऱ्या अ‍ॅक्शन गेममधला गॉड मोड (सोपेपणाची सोय) सुरू केला की होणारी इजा २० टक्क्यांनी घटते आणि प्रत्येक मरणानंतर आणखी २ टक्क्यांनी, असे ८० टक्क्यांपर्यंत चालते, शत्रूंच्या चाली तशाच राहतात. ज्यांची बोटे किंवा नजर तेवढी चपळ नाही त्यांच्यासाठी असे काही इथेही करता आले असते, आणि बाकीच्यांचे त्यात काहीच बिघडले नसते.

नव्याने खेळणाऱ्यांनी टीव्हीवर गेम मोड, म्हणजे चित्र कमीत कमी उशिराने दाखवणारी सेटिंग, आधी सुरू करावा. प्रतिमा सुधारण्यासाठी टीव्ही जो वेळ घेतो तेवढ्यानेही इथे वार चुकतो. माझे वार अडवणे त्या एका बदलाने लगेच सुधारले. शिवाय गेममधल्या पडक्या देवळाजवळच्या हानबेई या सरावासाठीच्या पात्रासोबत रोज थोडा सराव करावा, कारण तिथे हरण्याची किंमत मोजावी लागत नाही. २०२० च्या मोफत अपडेटमुळे आपण आधी हरवलेल्या बॉसशी पुन्हा लढता येते, आणि मी अजूनही आठवड्यातून दोन-तीनदा गेनिचिरोसमोर उभी राहते. आता बहुतेकदा जिंकते, पण भिंत पाठीशी येऊ लागली की आजही आधी मधल्या मोकळ्या जागेकडे पळते.