एसीसी, ग्रॅन टुरिस्मो 7 आणि फोर्झा होरायझन 5: काही महिन्यांच्या वापरानंतर

हे तिन्ही गाड्यांच्या शर्यतीचे गेम. असेटो कोर्सा काँपेटिझिओने (पुढे एसीसी) आणि होरायझन 5 पीसीवर, ग्रॅन टुरिस्मो 7 प्लेस्टेशन 5 वर. स्टिअरिंग लॉजिटेक जी29, आणि जवळपास तितकाच वेळ साधा कंट्रोलर. तिन्ही आलटूनपालटून काही महिने खेळल्यानंतरचा हा अनुभव आहे.

विकत घ्यायच्या आधी जो तो विचारतो, खरा वाटणारा घेऊ की सोपा? माझ्या मते एसीसीमधली जीटी3 गाडी (स्पोर्ट्स कारवरून बनवलेली रेसिंगची गाडी) मुळात अवघड नाहीच. तिला एबीएस आहे (ब्रेक मारताना चाकं अडकू देत नाही), ट्रॅक्शन कंट्रोल आहे (वेग वाढवताना चाकं जागीच फिरू देत नाही), रुंद, बिननक्षीचे स्लिक टायर आहेत, मागच्या पंखामुळे वेगात ती रस्त्याला दाबून धरली जाते. अवघड जातं ते वेगळ्याच कारणाने. खऱ्या गाडीत पाठीला, मानेला आणि पायाला जे कळतं, ते खोलीतल्या खुर्चीत बसून कळत नाही. ती हरवलेली माहिती गेम परत कशी देतो यावर बरंच काही ठरतं. म्हणून गेममधल्या प्रत्येक मदतीला मी एकच कसोटी लावतो: ही मदत माहिती देते, की माझा निर्णय काढून घेते?

ब्रेकपासून सुरुवात करतो, कारण नवा खेळाडू इथेच अडकतो. इटलीतल्या मोंझा ट्रॅकचं पहिलं वळण घ्या. सरळ रस्त्याच्या शेवटी जीटी3 गाडी ताशी 260-270 किलोमीटरवर असते आणि अरुंद शिकेनमध्ये (लागोपाठच्या उलटसुलट वळणांत) ती दुसऱ्या गिअरमध्ये न्यायची असते. सरावलेले लोक 150 आणि 100 मीटरच्या पाट्यांच्या मध्ये ब्रेक मारतात. नवख्याने 150 लाच मारावा, किंवा थोडा आधी. पहिला दाब पूर्ण, बिनधास्त. त्या वेगात पंखाचा दाब जास्त असल्यामुळे टायर तेवढं पेलतात. वेग उतरतो तशी ती पकड कमी होत जाते, म्हणून पायही हळूहळू वर यायला हवा. स्टिअरिंग वळायला लागतं तेव्हा ब्रेक साधारण 30-40 टक्क्यांवर आणि वळणाच्या आतल्या टोकाशी जवळपास शून्य. पूर्ण ब्रेक दाबूनच वळवलं तर पुढच्या टायरांना दोन्ही कामं एकदम झेपत नाहीत. एबीएस किटकिटत राहतं आणि गाडी सरळ पुढे जाते. उलट पाय झटक्यात काढला तर वजन मागे सरकतं, पुढचे टायर हलके होतात आणि गाडी पुन्हा बाहेरच जाते. दोन उलट चुकांचा परिणाम एकच दिसतो, म्हणून नेमकं काय चुकलं ते कळायला वेळ लागतो.

इथे तिन्ही गेमचा स्वभाव दिसतो. ग्रॅन टुरिस्मोत ड्युअलसेन्सचं (प्लेस्टेशन 5 च्या कंट्रोलरचं) एल2 बटण एबीएस लागल्यावर बोटाखाली थरथरतं. बोट किंचित सैल केलं की थरथर थांबते, आणि न सांगता मर्यादा समजते. मदत अशीच असावी. एसीसीत ब्रेकच्या पेडलला असं काहीच जाणवत नाही. टायरचा आवाज आणि पडद्यावरची ब्रेकची पट्टी यांवरच भागवावं लागतं. ती पट्टी बंद करू नका, आणि गेममधला संगीताचा आवाज शून्य करून टायरचा वाढवा. होरायझनमध्ये एबीएस चालू असेल तर वळणातही ब्रेक दाबून धरला तरी फारसं बिघडत नाही. मजा येते, पण ती सवय एसीसीत नेली की पहिल्याच वळणावर खडीत.

आता पेडलबद्दल. जी29 चा ब्रेक पाय किती खाली गेला ते मोजतो, किती जोर लावला ते मोजत नाही. आत रबराचा ठोकळा आहे, त्यामुळे सुरुवातीचा प्रवास मऊ आणि पुढचा एकदम कडक. रबर कडक लागतं म्हणून अनेकांचा ब्रेक 80-85 टक्क्यांवरच अडकतो आणि दोष गेमला दिला जातो. आधी एवढं करा: व्हील चालू झाल्यावर ते स्वतःहून फिरतं तेव्हा हात लावू नका, मग तिन्ही पेडल एकेकदा तळापर्यंत दाबा, म्हणजे त्यांची पूर्ण कक्षा नोंदली जाते. गेममध्ये पट्टी 100 ला पोचते का ते पाहा. पोचत नसेल तर पाय नव्हे, खुर्ची तपासा. चाकांची खुर्ची जोरात ब्रेक मारताना मागे सरकते आणि अर्धा जोर तिथेच जातो. चाकं काढून टाका, नाहीतर खुर्चीचे मागचे पाय भिंतीला टेकवा. जी29 सारख्या पोटेंशियोमीटरच्या (पेडल किती खाली गेलं ते मोजणाऱ्या भागाच्या) पेडलमध्ये कालांतराने धूळ शिरते. मग पाय स्थिर असतानाही पट्टी थरथरते किंवा ब्रेक आपोआप 2-3 टक्के लागलेला दिसतो. पेडल उघडून काँटॅक्ट क्लीनर मारला की बहुतेकदा भागतं.

जी29 ची मोटर लहान आहे, म्हणून एसीसीत फोर्स फीडबॅकचा (मोटर स्टिअरिंगमधून हाताला देते त्या जोराचा) गेन, म्हणजे तीव्रता, शंभरावर ठेवला तर जोराच्या वळणात सिग्नल कापला जातो: हाताला फक्त जड लागतं, आणि टायर सुटायच्या आधी स्टिअरिंग हलकं होतं ती खूणच हरवते. जोराच्या वळणात फीडबॅकचा आलेख वरच्या टोकाला सपाट होतोय असं दिसलं तर गेन पाच-पाचने खाली आणा. व्हीलच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि गेममध्ये दोन्हीकडे स्टिअरिंग 900 अंश ठेवा. प्रत्येक गाडीचं खरं माप गेम स्वतः लावतो: फेरारी 488 चं 480 अंश, पोर्शे 991 चं 800.

कंट्रोलरवर एसीसी खेळता येतो का? येतो, आणि लोक समजतात त्यापेक्षा बराच चांगला. अंगठ्याच्या स्टिकचा प्रवास बोटभरही नाही आणि तेवढ्यात गेमला शेकडो अंशांचं स्टिअरिंग बसवायचं असतं. म्हणून मध्ये चार सेटिंग्ज आहेत. गॅमा वाढवला की स्टिकचा मधला भाग मवाळ होतो. फिल्टर वाढवला की हालचाल गुळगुळीत होते, पण उशिरा पोचते. स्पीड सेन्सिटिव्हिटी वाढवली की वेगात स्टिअरिंग कमी वळतं. स्टिअर स्पीड म्हणजे स्टिअरिंग किती झपाट्याने फिरावं ते. सुरुवातीला गॅमा 2 च्या आसपास, फिल्टर 40-50 टक्के, स्पीड सेन्सिटिव्हिटी 50-60, स्टिअर स्पीड 60, डेडझोन (स्टिक हलूनही गेम दुर्लक्ष करतो तो मधला भाग) शून्य किंवा स्टिक सैल असेल तर जेमतेम. सरळ रस्त्यावर गाडी डुलत असेल तर आधी गॅमा वाढवा, फिल्टरला नंतर हात लावा. फिल्टर फार वाढवला तर गाडीची मागची बाजू सुटल्यावर उलटं स्टिअरिंग उशिरा लागतं, गाडी फिरते आणि वाटतं की फिजिक्सच निर्दयी आहे. या सेटिंग्जना मी फसवणूक मानत नाही. हाताची हालचाल गाडीपर्यंत नीट पोचवणं एवढंच त्यांचं काम. ब्रेक कुठे मारायचा ते अजून तुम्हीच ठरवता.

एसीसीमधला स्टेबिलिटी कंट्रोल मात्र दुसऱ्या जातीचा आहे. ट्रॅक्शन कंट्रोल आणि एबीएस खऱ्या जीटी3 गाडीत असतात, त्यांना मदत म्हणायचं कारण नाही. रेसमध्येही ते कमीजास्त केले जातात. स्टेबिलिटी कंट्रोल गेमने वरून घातलेला आहे. गाडी आडवी व्हायला लागली की तो तिला धरून ठेवतो, आणि त्यामुळे वळणात हवं तेवढं फिरूही देत नाही. मग खेळाडू जास्त स्टिअरिंग वळवतो, पुढचे टायर तापतात, गाडी आणखी बाहेर जाते. ही सवय लागली की मोडायला फार वेळ जातो. सुरुवातीला तो चालू ठेवायला काही हरकत नाही, पण स्लायडर शंभरावरून साठ, मग तीस, मग शून्य असा उतरवा, आणि प्रत्येक टप्प्यावर तोच ट्रॅक, तीच गाडी ठेवा. एकदम शून्यावर गेलात तर गाडी दर लॅपला (ट्रॅकच्या फेरीला) फिरेल आणि शिकायला काही उरणार नाही. त्याच वेळी सेटअप (गाडीची जुळवणी) ‘सेफ’ या तयार पर्यायावर ठेवा. ‘अग्रेसिव्ह’ला नंतर पाहू. ऑटोमॅटिक गिअर मात्र लवकर सोडा. वळणात नको तिथे गिअर बदलला तर मागच्या चाकांना झटका बसतो. वायपर, दिवे, पिट लिमिटर (टायर-पेट्रोलसाठी थांबायच्या पिटमध्ये वेग मर्यादेत ठेवणारा) आणि इंजिन स्टार्ट हे ऑटोमॅटिकच राहू द्या. ऑटोमॅटिक इंजिन स्टार्ट बंद केलं असेल तर इग्निशन आणि स्टार्टर ही दोन बटणं आधीच नेमून ठेवा, नाहीतर पिटमध्ये गाडी हलणारच नाही.

गाडी कुठून न्यायची ते ट्रॅकवर दाखवणारी आदर्श रेषा ही कल्पना जुनी आहे. जेफ क्रॅमंड यांच्या 1990 च्या दशकाच्या सुरुवातीच्या फॉर्म्युला वन ग्रां प्री या गेममध्येही ती होती, आणि अशी प्रत्येक मदत एकेका फंक्शन कीवर वेगळी चालू-बंद करता यायची. ती मांडणी मला आजही सर्वांत प्रामाणिक वाटते. रेषेत माझ्या दृष्टीने एक खोट आहे: नजर बोनेटच्या पुढे वीस मीटरवर खिळते, आणि वळणाचं टोक व बाहेर पडायची जागा दिसतच नाही. शिवाय एसीसीत पाऊस पडला की नेहमीच्या रेषेवर बसलेलं रबर निसरडं होतं आणि पकड तिच्या बाहेर सापडते. होरायझनमध्ये ‘फक्त ब्रेकिंग’ हा पर्याय आहे, तो पूर्ण रेषेपेक्षा पुष्कळ बरा. ग्रॅन टुरिस्मोत रेषा न दाखवता ब्रेकिंगचा पट्टा आणि वळणावरचे शंकू दाखवता येतात. नजर वर राहते.

शिकवण्याच्या बाबतीत ग्रॅन टुरिस्मोला तोड नाही. पाच लायसन्स, प्रत्येकी दहा चाचण्या. एक चाचणी म्हणजे बहुतेकदा एकच वळण, आणि सुवर्णाची वेळ अशी ठेवलेली की ब्रेक सोडण्याची पद्धत सुधारल्याशिवाय ती गाठताच येत नाही. काउंटरस्टिअर असिस्ट (गाडी घसरल्यावर उलटं स्टिअरिंग लावून देणारी मदत) आणि एएसएम (गाडी आडवी होऊ न देणारी मदत) बंद करून, ट्रॅक्शन 1 किंवा 0 वर ठेवून या चाचण्या करा. एसीसीसाठी यापेक्षा चांगली तयारी मला सापडली नाही. एसीसी स्वतः यातलं काही शिकवत नाही. आकडे सगळे समोर ठेवतो आणि अर्थ तुमच्यावर सोडतो. हा त्याचा खरा दोष आहे, आणि त्याचं फिजिक्सशी देणंघेणं नाही.

टायरचा दाब हे त्याचंच उदाहरण. 1.9 आवृत्तीनंतर कोरड्या रस्त्यावर गरम टायरचा दाब 26 ते 27 पीएसआयमध्ये (हवेच्या दाबाचं एकक) हवा. त्याआधीच्या जुन्या व्हिडिओंमध्ये साडेसत्तावीस सांगतात, ते आता चालत नाही. पावसाच्या टायरला 30 च्या आसपास. गॅरेजमध्ये दिसतो तो थंड दाब, म्हणून तीन-चार लॅप सलग मारा, मगच टायरचे आकडे वाचा. पुढचा डावा 27.4 दाखवत असेल आणि तुम्हाला 26.6 हवा असेल तर गॅरेजमध्ये 0.8 कमी करा. हवेचं तापमान एक अंशाने वाढलं की दाब साधारण 0.1 वाढतो, दुपारी बनवलेला सेटअप रात्रीच्या रेसला तसाच वापरू नका. मोंझासारख्या घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या ट्रॅकवर डावे टायर जास्त तापतात, म्हणून त्यांचा थंड दाब उजव्यांपेक्षा थोडा कमी ठेवावा लागतो. दाब जास्त झाला की गाडी बर्फावर चालल्यासारखी होते, आणि माणूस आपल्या हातांना दोष देत बसतो.

पेट्रोलही बघा. 20 मिनिटांची रेस, 1:52 चा लॅप, म्हणजे अकरा-बारा लॅप. लॅपला 3 लिटर धरले तर 36, आणि वर एका लॅपचं जास्तीचं. साठ लिटर भरून निघालात तर पंधरा किलोहून जास्त वजन उगाच वाहताय.

होरायझन 5 चं रिवाइंड बटण (काही सेकंद मागे नेणारं) मला आवडतं, हे सांगायला हवं. एकाच वळणावर ब्रेकची जागा पाच-पाच मीटर पुढे नेऊन बघायला यासारखं साधन नाही. 2008 च्या रेस ड्रायव्हर: ग्रिड या गेममध्ये असे मागे जायचे फ्लॅशबॅक मोजकेच मिळायचे, त्यामुळे प्रत्येकाची किंमत कळायची, इथे तशी मर्यादा नाही. सरावात वापरा, रेसमध्ये बंद करा. होरायझनमध्ये स्टिअरिंग ‘सिम्युलेशन’वर आणि डेडझोनची आतली मर्यादा शून्यावर ठेवली तरी व्हीलवर तो कंट्रोलरइतका रंगत नाही. कंट्रोलरसाठीच बनलेला गेम आहे तो.

खरेपणाचा अट्टहास कुठे उलटा पडतो ते फील्ड ऑफ व्ह्यूमध्ये (पडद्यावर किती कोनातलं दृश्य दिसावं त्यात) दिसतं. 27 इंची पडदा डोळ्यांपासून 70 सेंटीमीटरवर असेल तर गणिताने उभा कोन 27 अंश येतो. वेगाचा अंदाज आणि वळणाचं अंतर त्यात अचूक वाटतं, पण शेजारची गाडी दिसतच नाही. 35-40 पर्यंत वाढवा आणि रडार (जवळच्या गाड्या दाखवणारं पडद्यावरचं चित्र) चालू ठेवा. खऱ्या चालकाला मान वळवता येते, तुम्हाला येत नाही. रडार तेवढंच भरून काढतं.

एसीसीत ऑनलाइनला घाई करू नका. बऱ्याच सार्वजनिक सर्व्हरवर त्या ट्रॅकची तिन्ही मेडल आणि ठरावीक सेफ्टी रेटिंग (सुरक्षित चालवण्याचे गुण) लागतं. मेडल सलग स्वच्छ लॅपने मिळतात. रेटिंग एकट्याने फिरून वाढत नाही. दुसऱ्या गाडीच्या जवळ राहून धक्का न लावता चालवलं तरच वाढतं. ते कॉम्प्युटरच्या गाड्यांमागेही वाढतं, तेव्हा आधी तिथेच कमवा. भारतातून युरोपातल्या सर्व्हरवर खेळताना सर्व्हरच्या यादीत पिंग (सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ) बघून निवडा, आणि पहिल्या वळणाला नेहमीच्या जागेच्या दहा मीटर आधी ब्रेक मारा. उशिरा पोचणाऱ्या सिग्नलमुळे समोरची गाडी पडद्यावर दिसते तिथेच असेल असं नाही.