स्पॅनिश स्क्वॉटचा पट्टा आणि धावणाऱ्याचं वाटीखालचं दुखणं : पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गुडघ्याच्या दुखण्यासाठी स्पॅनिश स्क्वॉट हा व्यायाम ज्या पट्ट्याने करतो, त्याचं बकल गेल्या आठवड्यात सटकलं. पडवीच्या जांभ्याच्या खांबाला पट्टा अडकवून मागे बसलो होतो, पुरता ताण आला आणि बकलचे दात निसटले. मागे हात टेकले म्हणून डोकं वाचलं. बघतो तर दातांवर गंजाचा थर. कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं, गंज वॉरंटीत बसत नाही, वस्तू दमट जागी ठेवू नका. रत्नागिरीत पावसाळ्यात घराचा कोपरान् कोपरा दमट असतो, आणि खारं वारं तर बारमाही. एवढे पैसे घेऊन स्टेनलेस स्टीलचं बकल देत नाहीत, याचा मला मनापासून राग आहे.

व्यायामाबद्दल तक्रार नाही. गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या टोकाला बोट दाबलं की नेमकं तिथेच दुखतं, अशा धावणाऱ्यांना तो ठाऊक असेलच. पट्टा दोन्ही गुडघ्यांमागून, नडग्या उभ्या, खुर्चीत बसल्यासारखं मागे. ४५ सेकंद धरायचं, दोन मिनिटं सोडायचं, असं पाचदा. सुरुवातीला जिना उतरतानाची कळ लगेच कमी व्हायची. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते. आता चारच देतो. हा आराम तेवढ्यापुरता असतो. ओहोटीला भाट्याच्या घट्ट वाळूवर थोडं धावलं तरी दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं हजर असायचं.

खरा फरक जड वजनाने पडला. तीन सेकंद खाली, तीन सेकंद वर, दिवसाआड. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये १२ आठवड्यांचा असा कार्यक्रम तपासला होता. १५ वेळा जेमतेम उचलेल इतक्या वजनापासून सुरुवात, आणि वाढवत वाढवत फक्त ६ वेळा उचलेल तिथपर्यंत. माझ्याकडे लेग प्रेस, म्हणजे पायांनी वजन ढकलायचं यंत्र, नाही. पाठीवरच्या सॅकमध्ये तांदूळ भरतो आणि पायरीवरून एका पायावर सावकाश खाली उतरतो. दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालवून घेतो. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाढलेलं असेल तर वजन कमी. दुखतो तो वाटीखालचा टेंडन, म्हणजे स्नायूची ओढ हाडापर्यंत नेणारा चिवट पट्टा. तो स्नायूपेक्षा फार हळू बदलतो. महिनाभरात कंटाळून सोडणाऱ्यांनी कृपा करून आणखी दोन महिने द्यावेत.

आता भाट्याला पूर्वीसारखा धावतो. रत्नदुर्गाचा चढही धावायला चालतो. उतार मात्र अजून चालतच उतरतो, कारण उतारावर प्रत्येक पावलाला तो टेंडन जास्त ताणला जातो.

नवा पट्टा विकत घेतला नाही. आंब्याच्या पेट्या टेम्पोत आवळतात तो जुना पट्टा बागायतदार शेजाऱ्याकडून मागून आणला, रॅचेट, म्हणजे पट्टा आवळायचा लोखंडी खटका, काढून टाकला. मिरकरवाड्याच्या एका खलाशाने दोन्ही टोकांना गाठ मारून दिली. ताण येईल तशी ती आणखी आवळते. कड गुडघ्यामागे काचते म्हणून आत पंचाची घडी ठेवतो. कुठेच लोखंड नाही. बकलवाला पट्टा घ्यायचाच असेल तर किनाऱ्यावरच्या लोकांनी बकल कशाचं आहे ते आधी लेखी विचारून घ्यावं.