मागचे ब्रेक पॅड एकसारखे झिजत नाहीत: पिन साफ करायच्या, किट टाकायचं की कॅलिपरच बदलायचा?

मागचं चाक काढलं, पॅड बाहेर आले. आतल्या पॅडची पत्र्याची पाठ डिस्कला टेकायला आलेली, बाहेरच्या पॅडवर मात्र निम्म्याहून जास्त माल (डिस्कवर घासणारा थर) शिल्लक. अशा वेळी सगळ्यात सोपी वाट म्हणजे नवे पॅड टाकून चाक बसवून टाकणं. ती वाट मी पहिल्याच परिच्छेदात बाद करतो, कारण ज्याच्यामुळे झीज एकांगी झाली ते तिथेच राहतं आणि नवा पॅडही त्याच बाजूने खाल्ला जातो. खरा निर्णय उरलेल्या तिघांत आहे: कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, ज्यांवर सरकतो त्या पिन साफ करून ग्रीस लावणं, कॅलिपरला रबरी सीलचं किट टाकणं, किंवा कॅलिपर नवा घेणं. आणि हा निर्णय जुने पॅडच देतात, म्हणून ते लगेच भंगारात टाकू नका. कुठला आतला, कुठला बाहेरचा, कुठल्या चाकाचा, हे त्यांच्या पाठीवर लिहून ठेवा.

आधी एक दिलासा. आतल्या-बाहेरच्या पॅडमध्ये मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा फरक असेल तर त्याला दुखणं म्हणायचं कारण नाही. नव्या पॅडवर साधारण 10 मिमी माल असतो आणि 3 मिमीच्या आसपास तो बदलायची वेळ येते. एक पॅड 7 वर आणि दुसरा 2 वर असेल, तर मात्र पुढे वाचा.

पॅड काय सांगतात

बहुतेक गाड्यांत मागचा कॅलिपर सरकता असतो. पिस्टन फक्त आतल्या बाजूला. ब्रेक दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर रेटतो, त्या रेट्याने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर उलटा सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून डिस्कला लावतो. पाय काढला की पिस्टनला मागे आणायला स्प्रिंग वगैरे काही नसते. पिस्टनभोवतीची चौकोनी कापाची रबरी सील दाबाखाली पिळलेली असते, ती सुटताना पिस्टनला केसभर मागे घेते. एवढ्यावर सगळा कारभार चालतो, म्हणून जरासा गंजही महागात पडतो.

बाहेरचा पॅड जास्त झिजला असेल तर संशय पिनांवर. पिस्टन मागे गेला, पण कॅलिपर सरकून परत आला नाही, त्यामुळे बाहेरचा पॅड घासत राहिला. पॅडचे कान ब्रॅकेटच्या (पॅड ज्यात बसतात त्या चौकटीच्या) खाचेत गंजाने अडकले तरी हेच होतं.

आतला पॅड जास्त झिजला असेल तर तिथे घाई करू नका, कारण आरोपी तीन आहेत. पिस्टन जाम असेल. कॅलिपरवर हँडब्रेकची केबल जिला ओढते ती कळ पूर्ण मागे येत नसेल. किंवा पिन इतक्या जाम असतील की कॅलिपर सरकतच नाही आणि ब्रेकचं सगळं काम एकटा आतला पॅड करतोय. ‘आतला झिजला म्हणजे पिस्टन गेला’ हे समीकरण गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येतं आणि त्यापायी चांगले कॅलिपर बदलले जातात.

पॅड एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ असेल तर दोनपैकी एकच पिन जाम आहे, किंवा पिनचं भोक झिजून कॅलिपर तिरका बसतोय. पॅड बदलताना फिरवून आत न्यायच्या पिस्टनमध्ये आणखी एक शक्यता असते: पिस्टनच्या तोंडावरची खाच पॅडच्या पाठीवरच्या खुंटीशी जुळवलेली नसते. हा दोष कॅलिपरचा नाही, मागच्या खेपेला पॅड बसवणाऱ्याचा.

दोन्ही पॅड सारखेच संपलेत, पण एकाच चाकाचे? मग पिनांपेक्षा ब्रेकचा होज (कॅलिपरकडे ब्रेक ऑइल नेणारी रबरी नळी) किंवा हँडब्रेकची केबल आधी बघा.

पिन की किट?

पॅड काढल्यावर कॅलिपर हाताने पिनांवर मागेपुढे सरकवा. हाताच्या साध्या जोराने सरकला तर पिन ठीक. हातोडी घ्यावी लागली तर दुखणं सापडलं, आणि ते तिघांतलं सगळ्यात स्वस्त. पिन बाहेर काढा, गंज पुसा, भोकं साफ करा, बूट (पिनांवरची रबरी टोपणं) फाटले असतील तर नवे घाला. पिनवर खड्डे पडले असतील तर पिनही नव्या. ग्रीस ब्रेकसाठीच बनवलेलं, सिलिकॉनचं किंवा सिंथेटिक. डब्यातलं साधं ग्रीस लावलं तर त्यातल्या खनिज तेलाने रबर फुगतं आणि काही महिन्यांत पिन पहिल्यापेक्षा घट्ट बसतात. दोन पिन कधीकधी वेगवेगळ्या असतात, एकीच्या टोकाला रबरी बुश असतो. त्यांची अदलाबदल करू नका.

पिन मोकळ्या आहेत, पण पिस्टन मागे जायला तयार नाही, तरच किटचा विचार. त्याआधी दोन चाचण्या करा, कारण त्या फुकट आहेत.

पहिली चाचणी होजची. गाडी स्टँडवर घेऊन चाक फिरवून बघा. ब्रेक पकडून असेल तर कॅलिपरचा ब्लीडर निपल (हवा आणि ऑइल बाहेर काढायचा स्क्रू) सैल करा. थोडं ऑइल उडून चाक मोकळं झालं तर दाब अडकून राहिलाय, म्हणजे होज आतून फुगला असण्याची दाट शक्यता. होज बाहेरून धडधाकट दिसतो, त्यावर जाऊ नका. निपल उघडूनही चाक जड राहिलं तर अडचण यांत्रिक आहे.

दुसरी चाचणी केबलची. हँडब्रेक सोडा आणि कॅलिपरवरची कळ तिच्या थांब्याला टेकते का बघा. टेकत नसेल तर केबल कळीपासून सोडवा. कळ आपसूक मागे गेली तर कॅलिपर निर्दोष, केबल आतून गंजलीय. मी स्वतः एकदा ही दोन मिनिटांची तपासणी टाळून नवा कॅलिपर बसवला होता. पुढच्या वेळी चाक काढलं तेव्हा आतला पॅड पुन्हा तसाच खाल्लेला, आणि केबल हाताने ओढली तर हलेना.

किट की नवा कॅलिपर?

इथे माझं मत एकतर्फी आहे. हँडब्रेक वेगळा असलेला साधा कॅलिपर असेल तर किट उत्तम: पिस्टन काढा, सील आणि बूट बदला, झालं. पण पिस्टन बाहेर आल्यावर त्याच्या अंगावर खड्डे दिसले तर नुसत्या किटने भागत नाही. नवी सील त्या खड्ड्यांवर टिकणार नाही. पिस्टन नवा मिळत असेल तर ठीक, नाहीतर कॅलिपर बदला.

हँडब्रेकची कळ कॅलिपरवरच असेल तर मी किटच्या नादी लागत नाही. आत स्क्रू आणि स्प्रिंगची आपोआप जुळणारी यंत्रणा असते, नेहमीच्या किटमध्ये तिचे भाग नसतात, आणि कळीच्या दांड्यातून पाणी शिरून ती जाम झाली असेल तर सील बदलून काय साधणार? हा पिस्टन क्लॅम्पने नुसता दाबूही नका, तो फिरवत आत न्यायचा असतो. इलेक्ट्रिक हँडब्रेकच्या गाडीत आधी स्कॅनरने सर्व्हिस मोड लावा, म्हणजे हँडब्रेकची मोटर मागे जाते, नाहीतर मोटर मोडून बसाल.

जोडीचं काय? पॅड आणि डिस्क दोन्ही चाकांना एकदमच बदला, याला अपवाद नाही. होजही जोडीनेच बदललेले बरे. कॅलिपर मात्र एकच बदलला तरी चालतो, दुसऱ्याचा पिस्टन आणि पिन मोकळ्या असतील तर. ‘दोन्ही घ्याच’ असं कुणी म्हणालं तर दुसरा जाम असल्याचं दाखव म्हणावं.

मागे ड्रम असतील तर वरचं बरंचसं लागू होत नाही. बऱ्याच ड्रममध्ये पुढचा लायनर (ड्रमला आतून घासणारा पट्टा) फिरण्याच्या दिशेने ओढला जाऊन जास्त काम करतो, म्हणून तो आधी झिजतो, आणि ते नैसर्गिक आहे. दोन चाकांत फरक असेल तर ॲडजस्टर (लायनर आणि ड्रममधलं अंतर राखणारा भाग) जाम झालाय का आणि व्हील सिलिंडर (लायनर बाहेर रेटणारा) गळतोय का, एवढं बघा.

काम झाल्यावर ब्रेक कमी वापरत थोडी गाडी चालवा आणि दोन्ही मागच्या डिस्कचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या. एक डिस्क दुसरीपेक्षा बरीच गरम असेल तर काहीतरी अजून पकडून आहे. आणि नवा कॅलिपर बसवून कितीही ब्लीडिंग केलं, म्हणजे ऑइलमधली हवा काढली, तरी पॅडल मऊच लागत असेल, तर निपल कुठे आहे ते बघा. तो वरच्या टोकाला हवा. खाली आला असेल तर डावा कॅलिपर उजवीकडे लागलाय, आणि वरची हवा खालून निघणार नाही.