जुन्या शहरातली बुटीक हॉटेलं: काही महिन्यांच्या मुक्कामांनंतरचा अनुभव

कामानिमित्त गेले काही महिने माझा मुक्काम जुन्या शहरांच्या मध्यवस्तीतल्या छोट्या बुटीक हॉटेलांत असतो. दोन-तीन चांगली हॉटेलं समोर असली की निवडायचं कसं, याबद्दल माझं मत आता पक्कं झालंय: रेटिंग आणि लॉबीचे फोटो नंतर बघा, आधी आपल्याला नेमकी कोणती खोली मिळणार ते विचारा.

मोठ्या साखळी हॉटेलात एक खोली पाहिली की सगळ्या पाहिल्यासारख्याच. इथे इमारत मुळात राहण्यासाठी किंवा व्यापारासाठी बांधलेली असते. मूळ भिंती हलवता येत नाहीत, म्हणून बाथरूम जिथे जागा सापडेल तिथे बसवलेलं असतं. पलंगाची उशाकडची बाजू शेजारच्या बाथरूमच्या भिंतीला लागून असेल, तर रात्री प्रत्येक फ्लशबरोबर पाइपातून उतरणारं पाणी ऐकू येतं. त्याच दरात वरच्या मजल्यावर उंच छताची, शांत खोली असू शकते.

आवाज हा सगळ्यात मोठा मुद्दा. रात्री घराबाहेरच्या आवाजाची सरासरी पातळी ४० डेसिबलच्या वर जाऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २००९ मध्ये सुचवलं होतं. दगडी फरसबंदीच्या गल्लीत ते अवघडच. वाहनबंदी असलेल्या भागात मालाच्या गाड्यांना बऱ्याचदा सकाळीच प्रवेश असतो, त्यामुळे पहाटेच खडखडाट सुरू होतो. वारसा-नियमांमुळे दर्शनी खिडक्या सहसा बदलता येत नाहीत. चांगले मालक मग आतून दुसरी खिडकी बसवतात. फोटो मोठा करून पाहिला की जुन्या लाकडी चौकटीच्या आत ही दुसरी चौकट दिसते. ती दिसली की मला त्या हॉटेलाबद्दल खरोखर आदर वाटतो.

आतल्या चौकाकडची खोली शांत असते असं सगळे सांगतात. थंडीत ते खरंच आहे. उन्हाळ्यात मात्र आधी एसीचं विचारा, कारण दर्शनी भागावर बाहेरचे युनिट लावायला परवानगी नसली की ते सगळे त्याच चौकात येतात.

वायफायचंही तसंच. जाड दगडी भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल २.४ गिगाहर्ट्झच्या सिग्नलपेक्षा लवकर मरतो. प्रत्येक मजल्यावर वेगळा अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफायचा सिग्नल देणारं यंत्र) आहे का, एवढंच विचारायचं. लिफ्ट आहे का हे विचारताना ती तळमजल्यापासून सुरू होते का, हेही विचारा. कधी कधी आधी अर्धा जिना चढावा लागतो. टॅक्सी कुठपर्यंत येते, तेही.

हे सगळं मी बुकिंगआधी थेट हॉटेलला मेलवर विचारतो. "आमच्या सगळ्याच खोल्या शांत आहेत" असं उत्तर आलं, की मी पुढच्या हॉटेलकडे वळतो. एका ठिकाणाहून उत्तर आलं होतं, "दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्याची घ्या, बाथरूम लहान आहे पण झोप चांगली लागेल." तिथे मी पुन्हा पुन्हा राहिलोय. छोट्या हॉटेलाची खरी ताकद हीच: मेलला उत्तर देणाऱ्या माणसाला प्रत्येक खोली ठाऊक असते. दर थोडा जास्त पडला तरी मी तिथेच पैसे देतो, फक्त खोलीचा क्रमांक कन्फर्मेशनच्या मेलमध्ये लिहून घेतो.