नुसता बुश की अख्खा कंट्रोल आर्म?
स्पोर्ट्स कारचा पुढचा कंट्रोल आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा) खडखडू लागला की घरी काम करणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. नुसता बुश (आर्मच्या सांध्यातलं रबरी अस्तर) स्वस्त पडतो, पण जुना काढायला प्रेस (भाग दाबून काढायचं-बसवायचं यंत्र) लागते आणि नवा ठरलेल्या कोनातच बसवावा लागतो. अख्खा आर्म महाग. मात्र त्यात बहुतेकदा बॉल जॉइंटही (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोल फिरता सांधा) नवा मिळतो आणि काम पान्यांवर भागतं. प्रेस नसेल तर आर्मच घ्या, असं मी सांगेन. आर्म वाकला असेल तर प्रश्नच नाही.

दोन्हींत एक गोष्ट कृपा करून पाळा: रबर बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असतानाच शेवटचे आवळा. चाकं लोंबकळताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. काम झालं की अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवून घेणं) कराच.