बाली की श्रीलंका: विश्रांतीसाठी कोणतं बेट निवडावं?

समुद्रकाठी विश्रांती घ्यायची म्हणून बालीतल्या उबुदमध्ये खोली घेणाऱ्या अनेकांना तिथे पोचल्यावर कळतं, की उबुदला समुद्रच नाही. गाव बेटाच्या पोटात आहे, भातखाचरं आणि ओढ्यांच्या मधोमध. किनारा गाठायला साधारण तासभर लागतो, आणि रस्त्यावर गर्दी असेल (असतेच) तर त्याहून जास्त. श्रीलंकेत उलटी गंमत. बेंतोटा किंवा बेरुवलाच्या आयुर्वेद रिसॉर्टमध्ये खोलीच्या दारातून लाटा दिसतात आणि वैद्य पहिल्याच भेटीत सांगतात: उपचार चालू आहेत तोवर समुद्रात उतरायचं नाही, उन्हात पडायचं नाही, दुपारी झोपायचंही नाही.

जाहिराती मात्र दोन्हीकडच्या सारख्याच. नारळाची झाडं, चाफ्याची फुलं तरंगणारं भांडं, डोळे मिटून बसलेली कुणीतरी. म्हणून फोटो बाजूला ठेवून आधी एकच गोष्ट स्वतःशी पक्की करावी: सुटीतला दिवस आपला आपण ठरवायचा आहे, की कुणीतरी आखून दिलेला हवा आहे? पहिलं हवं असेल तर बाली, दुसरं हवं असेल तर श्रीलंका. बाकीचे बरेच फरक यातूनच निघतात.

श्रीलंका: वैद्य सांगतील तसं

इथला आयुर्वेद हॉटेलवाल्यांनी काल-परवा शोधून काढलेला नाही. मिहिंतले इथे नवव्या शतकातल्या विहाराच्या रुग्णालयाचे अवशेष आहेत. माणसाच्या आकाराची खोबण कोरलेली दगडी द्रोणी तिथे आजही बघायला मिळते. रुग्णाला औषधी तेलात किंवा काढ्यात झोपवण्यासाठी ती होती. आजच्या काळात म्हणाल, तर देशात १९६१चा आयुर्वेद कायदा आहे, वैद्यांची नोंदणी होते, सरकारी आयुर्वेद रुग्णालयं चालतात. त्यामुळे चांगल्या ठिकाणी मुक्काम सुरू होतो तो तपासणीने. नाडी, जीभ, रक्तदाब, झोप, पोट, चालू असलेल्या गोळ्या, सगळं विचारलं जातं आणि मग तुमच्या नावाचा तक्ता तयार होतो. आहारही त्या तक्त्यातच येतो.

सकाळी बहुधा कोला केंदा मिळते. गोटुकोलासारख्या पाल्याचा रस, तांदूळ आणि नारळाचं दूध घालून केलेली ही हिरवी पेज. पहिल्या घोटाला गवताचा वास येतो, दोन-तीन दिवसांत तिची सवय होते. मग अभ्यंग. दोन्ही बाजूंना दोघं उभे राहतात आणि त्यांचे हात एका लयीत चालतात. तेल कोमट, खालचा लाकडी पाट निसरडा, कूस बदलायला सांगितलं की आपण घसरतो की काय अशी धास्ती. पुढे पाल्याची वाफ किंवा काढ्याचं स्नान. शिरोधारा काही दिवसांनी सुरू होते. कपाळावर या टोकापासून त्या टोकापर्यंत तेलाची धार फिरत राहते. सुरुवातीला माणूस ‘हे अजून किती वेळ’ असा हिशेब करत असतो, मग हिशेब सुटतो. त्या काळात केस धुवायचे नसतात, म्हणून सगळे पाहुणे डोक्याला फडकं गुंडाळूनच जेवायला येतात. नटूनथटून मिरवायची हौस असेल तर ती इथे भागणार नाही, आणि मला तरी हीच या मुक्कामाची सगळ्यात मोठी सोय वाटते.

पंचकर्माला वेळ लागतो, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं. पहिले दिवस स्नेहन-स्वेदनात (तेल मुरवणं आणि घाम काढणं) जातात, मग विरेचन (जुलाब) किंवा बस्ती (एनिमा), मग आहार हळूहळू पूर्वपदावर. म्हणून इथली पॅकेजं ७, १४ आणि २१ दिवसांची असतात. सात दिवसांत शीण उतरतो, झोप सुधारते. पण त्याला कुणी पंचकर्म म्हणत असेल तर सावध राहावं. शिवाय तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं जड होणं, मरगळ, चिडचिड हे होऊ शकतं. चहा-कॉफी आणि मद्य एकदम बंद झालेलं असलं तर जास्तच. युरोपातून, विशेषतः जर्मनीतून येणारे पाहुणे हे गृहीत धरून दोन-तीन आठवडे काढूनच येतात. ‘सुटीवर आलोय, हवं ते खाणार’ असा ज्यांचा बाणा आहे, त्यांचे पैसे इथे वाया जातील.

किनाऱ्यालगत ‘आयुर्वेदिक मसाज’च्या पाट्या जागोजाग दिसतात. तिथे तेल लावून मिळतं, उपचार मिळत नाहीत. आणि दिवस भरल्यावर सोबत गोळ्या-चूर्णं दिली, तर त्यांत काय आहे ते लिहून मागावं. काही रसौषधींमध्ये धातूंची भस्मं असतात. गरोदरपण, हृदयविकार किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणं, यांपैकी काही असेल तर बुकिंगच्या आधीच आपल्या डॉक्टरांशी बोलावं.

बाली: मनाला येईल तसं

बालीत तुमची नाडी कुणी बघत नाही. सकाळचा योगवर्ग आवडला तर उद्या पुन्हा जा, नाही आवडला तर पलीकडच्या गल्लीत दुसरा आहे. दुपारी मसाज, संध्याकाळी साउंड बाथ (आडवं पडून घंटा-वाडग्यांचा नाद ऐकणं), मध्ये पाहिजे तर काहीच नाही. उबुदच्या या बाजारात उत्तम शिक्षकही आहेत आणि निव्वळ भपकाही आहे. एकेका वर्गाचे पैसे देत गेलं तर फसगत झाली तरी ती तासाभराचीच. आधीच सात दिवसांचं ‘परिवर्तन शिबिर’ घेऊन ठेवण्यात मात्र जोखीम आहे.

त्या बेटाचं स्वतःचं जे आहे, त्यासाठी वेळ राखून ठेवावा. बोरेह हा तांदूळ, लवंग, आलं वगैरे वाटून केलेला उष्ण लेप. शेतात राबून आलेल्यांचं अंग मोकळं करायला तो लावत. थोड्या वेळात कातडीला झिणझिण्या येतात, नाजूक त्वचेला तो झेपत नाही. जामू म्हणजे हळद-आलं-चिंचेचं वगैरे पेय. ते मूळचं जावाचं, पण बालीत सर्रास मिळतं. जामूची आरोग्यपरंपरा २०२३ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

आणि मेलुकात, म्हणजे पवित्र पाण्याने शुद्ध होण्याचा विधी. तांपाकसिरिंगच्या तीर्थ एम्पुल देवळात दहाव्या शतकापासून झऱ्याचं पाणी दगडी कुंडात घेतलेलं आहे. देवळाकडून मिळणारं सारोंग नेसायचं, फुलांचा नैवेद्य ठेवायचा, मग छातीपर्यंतच्या गार पाण्यात उतरून रांगेने पाण्याची धार पडणाऱ्या एकेका मुखाखाली डोकं धरायचं. पायांशी मासे फिरत असतात. सगळ्या मुखांखाली जायचं नसतं. काही मृतांच्या विधींसाठी राखलेली आहेत, म्हणून पुढच्या बालिनीज बाईचं बघून पाऊल टाकावं. मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रियांना पाण्यात उतरू देत नाहीत. दहाच्या पुढे गेलात तर पूजेला आलेले कमी आणि मोबाइल उंचावलेले जास्त अशी स्थिती असते. हे देऊळ आहे, स्पा नाही, आणि सकाळी लवकर गेलं तरच ते जाणवतं.

बालीचा खरा शत्रू म्हणजे वाहतूक. विमानतळ ते उबुद हे अंतर जेमतेम ३५ किलोमीटर, पण दीड तास सहज जातो. उबुदच्या मुख्य रस्त्यावर स्कूटरींच्या गजरात ध्यान लावायचं म्हणजे कठीणच, आणि किनाऱ्यावरचं चांगू तर पार्टीवाल्यांचं झालं आहे. विश्रांतीच हवी असेल तर सिदेमेनची भातखाचरं किंवा उत्तरेला डोंगरातलं मुंडुक बघावं. समुद्र हवा असेल तर सानुर: प्रवाळाच्या कडेमुळे पाणी शांत, काठाने लांबच लांब पायवाट, समोर सूर्योदय. तरुण मंडळी त्याला म्हाताऱ्यांचं गाव म्हणून हिणवतात. माझ्या मते ती त्याची जाहिरात आहे.

शांतता

बालीत वर्षातून एक दिवस संपूर्ण बेट गप्प होतं. न्येपी हा त्यांच्या शक वर्षाचा पहिला दिवस (शक तोच, इ.स. ७८ पासून मोजलेला), बहुधा मार्चमध्ये येतो. सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सहापर्यंत विमानतळ बंद, रस्ते ओस, दिवे मालवलेले, मोबाइल इंटरनेटही बंद. पर्यटकांनाही हॉटेलच्या आवाराबाहेर पाऊल टाकता येत नाही. ज्यांना हे ऐकूनच जीव घाबरा होतो त्यांनी तारीख बघून तिकीट काढावं. बाकीच्यांनी मुद्दाम तीच तारीख गाठावी.

श्रीलंकेतली शांतता थोडी थोडी वाटून येते. दर पौर्णिमेला पोया: सार्वजनिक सुटी, दारूविक्री बंद, पांढऱ्या कपड्यांतली माणसं विहारांकडे निघालेली. ध्यानच करायचं असेल तर कँडीच्या डोंगरात निलंबेसारखी साधी केंद्रं आहेत. तिथे सुखसोयींची अपेक्षा धरू नये.

ऋतू

इथे बाली सोपी आहे. एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा, नोव्हेंबर ते मार्च पावसाचा. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि भाव दोन्ही चढतात, म्हणून मे-जून किंवा सप्टेंबर बरा. पावसाळ्यात कुटा-लेगियनच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्र प्लास्टिक आणून टाकतो, तेव्हा त्या बाजूला जाऊच नये.

श्रीलंकेला दोन मान्सून आहेत. दक्षिण-पश्चिम किनारा डिसेंबर ते एप्रिल चांगला, तर त्रिंकोमाली-पासिकुडाचा पूर्व किनारा मे ते सप्टेंबर. बहुतेक आयुर्वेद रिसॉर्ट पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावर आहेत. पण उपचारांसाठीच जायचं असेल तर पावसाची भीती नको. दमट हवा पंचकर्माला पोषक मानली जाते, समुद्रात तसंही उतरायचं नसतं आणि दर खाली आलेले असतात.

खर्च आणि कागद

बालीत उतरल्यावर मिळणारा व्हिसा ५ लाख इंडोनेशियन रुपियांचा, ३० दिवसांचा, एकदा वाढवता येतो. वर फेब्रुवारी २०२४ पासून १ लाख ५० हजार रुपियांचा पर्यटक कर. हॉटेल-स्पाच्या दरपत्रकावर किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं दिसली, तर कर आणि सेवाशुल्काचे साधारण २१ टक्के अजून द्यायचे आहेत असं समजावं. श्रीलंकेसाठी निघण्यापूर्वीच ऑनलाइन ईटीए (प्रवासाची पूर्वपरवानगी) काढायची. तिच्या शुल्काचे नियम वरचेवर बदलतात, तेव्हा सरकारी संकेतस्थळच बघावं.

खर्चाची घडणही वेगळी. श्रीलंकेत खोली, जेवण, वैद्य, उपचार सगळं एका रकमेत येतं. आकडा मोठा दिसतो, पण नंतर खिशात हात घालावा लागत नाही. बालीत स्वस्त खोलीपासून सुरुवात होते आणि टॅक्सी, वर्ग, मसाज, कॅफे करत करत रक्कम फुगते.

मग कुणी कुठे?

हाताशी पाच-सहा दिवसच असतील तर बाली, बिनदिक्कत. जोडीदारापैकी एकाला योग आणि दुसऱ्याला लाटा हव्या असतील तरीही बाली. मुलं बरोबर असतील तर आयुर्वेद रिसॉर्टचा विचारच नको. तक्त्यावर चालणाऱ्या माणसांत ती कंटाळतील आणि इतरांनाही कंटाळवतील.

दोन आठवडे मोकळे असतील, झोप बिघडली असेल आणि ‘आज काय करायचं’ हा प्रश्नही नकोसा झाला असेल, तर श्रीलंका. एकट्याने जाणाऱ्यालाही मी तिकडेच पाठवीन, कारण जेवणाच्या टेबलावर तीच माणसं रोज भेटतात. मालदीवचं नाव या यादीत निघतंच. तिथला बेटभर एकच रिसॉर्ट डोळ्यांना सुखावतो, पण उपचारांसाठी तेवढा खर्च करण्यात मला अर्थ दिसत नाही.

श्रीलंकेचं नक्की झालं तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: वैद्य मुक्कामभर तिथेच असतात का आणि त्यांची नोंदणी कुठली, रोज किती वेळ उपचार, आणि उपचार न घेणाऱ्या जोडीदाराला काय दर. बालीसाठी एकच विचारावं: खोलीतून रस्त्याचा आवाज येतो का?