सौर कुंपणाच्या नावाखाली बाबांचा अंगठा घेतला

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याकडे, टिपेश्वर अभयारण्याला लागून. शेती कोरडवाहू. कापूस, तूर, थोडा हरभरा. वाघाची भीती आहेच, पण पीक बुडवतात ती रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी. हरभरा पेरला की डुकरं एका रात्रीत ओळीच्या ओळी उकरून दाणे खातात. त्यामुळे दिवसभर राबलेला माणूस रात्री पुन्हा जागलीला जातो. गेल्या कार्तिकात आम्ही फसलो ते या जागलीला कंटाळूनच.

दुपारी मोटारसायकलवर एक तरुण आला. गळ्यात ओळखपत्र, बॅगेत छापील फॉर्म. सौर कुंपणाचं काम माझ्याकडे आहे, म्हणाला. योजना खरी आहे, म्हणून तर विश्वास बसला. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला 75 टक्के किंवा 15 हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढं अनुदान आहे, हे आमच्याकडे बहुतेकांच्या कानावर होतं. या कुंपणाचा नुसता झटका बसतो, जनावर मरत नाही. लाइनवर आकडा टाकून तारेत करंट सोडला तर वाघ मरतो आणि माणूसही मरतो. बाबांनी आयुष्यात तसली तार लावली नाही, म्हणून हे कुंपण त्यांना फार हवं होतं.

त्याने सात जणांकडून दोन-दोन हजार रुपये नोंदणी म्हणून घेतले आणि शिक्का मारलेली पावती दिली. मग पिशवीतून अंगठ्याचं मशीन काढलं. "केवायसी करावी लागते, काका." कापूस वेचून वेचून बाबांच्या बोटांच्या रेषा झिजल्यात. मशीन ठसा घेईना. त्याने स्वतःच्या रुमालाने बाबांचा अंगठा पुसला, चिमटीत धरून काचेवर दाबला. "आता आला. अजून एकदा ठेवा." असं तीनदा झालं. मोबाइलची स्क्रीन पूर्ण वेळ त्याच्याकडेच वळलेली होती. मी शेजारी उभा होतो आणि ती स्क्रीन माझ्याकडे फिरव, एवढं मला म्हणता आलं नाही.

नऊ दिवसांनी बाबा खत-औषधाची उधारी चुकती करायला बँकेत गेले. पासबुकावर त्याच दुपारच्या दोन नोंदी, दहा-दहा हजार काढल्याच्या. पहिल्या वेच्याच्या कापसाचे पैसे होते ते. मेसेज आले होते, पण खात्याला जोडलेला मोबाइल गोठ्यात बंद पडून होता. आधारशी जोडलेल्या खात्यातून नुसत्या अंगठ्यावर पैसे निघतात, ओटीपी लागत नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. सातपैकी चौघांची खाती अशीच रिकामी झाली होती. त्या तरुणाला फोन लावला तर बंद.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पोलीस ठाण्यात अर्ज दिला. पैसे अजून आले नाहीत. तुमच्यासोबत असं झालं तर आमच्यासारखे नऊ दिवस घालवू नका, त्याच तासाला 1930 लावा. आणि योजनेचं काही असेल तर आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारा. पीक नुकसानीच्या पंचनाम्यालाही पैसे लागत नाहीत. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांत कळवायचं, मग वनपाल, तलाठी, कृषी सहायक येऊन पाहतात. मध्ये दलाल कशालाच लागत नाही.

बाबा बरेच दिवस कोणाशी बोलले नाहीत. आई समजवायला गेली की एकच वाक्य, "अंगठा त म्याच देल्ला ना." त्यांना मी हजारदा सांगितलं आणि इथेही लिहितो, चूक त्यांची नाही. ज्याने झिजलेला अंगठा रुमालाने पुसून चोरला, त्याची आहे.

आता बाबांचं आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवलंय, म्हणजे त्यांचा अंगठा कुठल्याच मशीनवर चालत नाही. रेशनच्या दिवशी तेवढ्यापुरतं मी माझ्या मोबाइलवरून ते उघडून देतो. दुकानात मशीनपुढे उभे राहिले की बाबा अंगठा मुठीत मिटून घेतात, मला जवळ बोलावतात आणि म्हणतात, "काय लिवलं हाय, वाचून सांग." मी गहू किती, तांदूळ किती ते वाचतो. मग मूठ उघडते.